रेघ पुसणारे महाराज

पातूरच्या अलीकडे रस्त्याला लागून खुशालरावांचं वावर आहे. एरवी तिथे झेंडू आणि शेवंती फुलते. त्या मंगळवारी तिथे माणसं फुलली होती. अकोल्याहून ऑटो भरभरून येत होते, बाळापूरकडच्या बाया टेम्पोत उभ्यानं आल्या होत्या, उसाच्या रसाची गाडी घुंगरं वाजवत होती, आणि पेंडॉलमधला लाउडस्पीकर असा काही ओरडत होता की शेजारच्या वावरातले बगळेसुद्धा कंटाळून उठून गेले होते.

मंचावर एक मोठा पडदा होता, लग्नात व्हिडिओ दाखवायला लावतात तसा. पडद्यावर दिसत होतं बोटाएवढं एक पांढरं प्लास्टिकचं कार्ड. कार्डाच्या खिडकीत दोन लाल रेघा होत्या.

"मायबापहो, मोजा या रेघा!" शुद्धनाथ महाराज माइकला ओठ टेकवून म्हणाले.

"दोन!" गर्दी ओरडली.

"एक रेघ देवाची. आणि दुसरी?"

"रोगाची!"

"कोणत्या रोगाची?"

इथे गर्दीचा आवाज खाली आला. त्या रोगाचं नाव मोठ्यानं घ्यायची सवय आपल्याकडे अजून नाही. महाराजांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं.

"एड्स! सरकार म्हणते ही रेघ मरेपर्यंत जात नाही. डॉक्टर म्हणते जात नाही. अमेरिका म्हणते, नहीं जाती! अरे, ब्रह्मदेवानं कपाळावर ओढलेली रेघ मी पुसतो, ही प्लास्टिकवरची काय चीज आहे?"

मंचावर खुर्चीत एक माणूस बसला होता. त्याच्या तोंडावरून टॉवेल सोडला होता, ओळख पटू नये म्हणून. शेजारी पांढरा कोट घालून धर्मेंद्र उभा. भक्त त्याला डॉक्टरसाहेब म्हणत. पूर्वी तो एका रक्त तपासणीच्या दुकानात बाटल्या धुवायचा, हे भक्तांना ठाऊक नव्हतं. महाराजांनी ताटातलं विड्याचं पान उचललं, अंजनगावचं, हिरवंगार. पानाची घडी कुंकवाच्या पाण्यानं थबथबलेली होती. ते त्यांनी टॉवेलवाल्याच्या बोटाला गुंडाळलं, वरून लाल दोरा बांधला, आणि डोळे मिटले. भजन सुरू झालं. भजन संपल्यावर डॉक्टरसाहेबांनी पान न सोडता पानातूनच सुई टोचली. लाल थेंब आला. तो दुसऱ्या कार्डावर पडला, वर औषधाचे दोन थेंब पडले, पुन्हा भजन. आणि मग पडद्यावर हळूहळू एक रेघ उगवली. एकच.

"पुसली!" महाराज गरजले.

पेंडॉल उठून उभा राहिला. बाया रडू लागल्या. टॉवेलवाला महाराजांच्या पायांवर आडवा झाला.

मागच्या रांगेत गीतांजली इंगोले बसली होती, ती तेवढी उठली नाही. 

गीतांजली एका परदेशी मदत संस्थेत एच.आय.व्ही. कार्यक्रम अधिकारी होती. कचेरी अकोल्यात, फिरती साऱ्या वऱ्हाडात. गावोगावच्या रुग्णांच्या गोळ्या चालू आहेत की नाहीत, कुणाच्या का सुटल्या, कुणाला एसटीच्या भाड्यापायी दवाखाना लांब पडतो, हे पाहणं तिचं काम. या कामाचा एक रिवाज तिच्या अंगात मुरला होता. बाजारात, लग्नात, बसमध्ये रुग्ण समोर आला तरी ती आपण होऊन ओळख दाखवत नसे. रुग्ण हसला तरच ती हसे. नाहीतर तिच्या ओळखीवरून त्याचा रोग जगाला कळायचा. या रिवाजाचं नाव शपथ, आणि आता तर कायदाही.

ती शपथच आज तिला जाळत होती. कारण महिनाभरापूर्वी गोवर्धन गेला होता.

गोवर्धन अकोल्यात ऑटो चालवायचा. कित्येक वर्षं गोळ्या खाऊन ठणठणीत, पोट सुटलेला, सवारीशी गप्पा मारत जाणारा माणूस. तो या पेंडॉलमध्ये टॉवेल घेऊन बसला, त्याची रेघ पुसली गेली, आणि त्याच संध्याकाळी त्याने गोळ्यांची डबी नाल्यात फेकली. विषाणू वाटच पाहत होता. सहा महिन्यांत टीबी छातीत शिरला, मग डोक्यात. शेवटी शेवटी तो बायकोला ओळखत नव्हता. त्याची बायको तानुबाई भाजी विकायची. ती गीतांजलीला एवढंच म्हणाली होती, "मॅडम, हा मानूस रोगानं नाई मेला. त्याले मारलं."

तेव्हापासून गीतांजलीला एक गोष्ट हवी होती, आणि ती तिने स्वतःशी स्वच्छ शब्दांत मान्य केली होती. तिला समजावणी नको होती, जनजागृती नको होती. तिला सूड हवा होता. शुद्धनाथ महाराज त्यांच्याच मंचावर, त्यांच्याच कार्डानं उघडे पडलेले तिला पाहायचे होते.

"पुढल्या मंगळवारी महामुक्ती!" महाराज सांगत होते. "सेमाडोहच्या जंगलात, वाघाच्या जाळीत बसून बारा वर्षं मी तप केलं, ते तुमच्यासाठी. ज्यांना मंचावर यायची लाज वाटते त्यांनी मंचावर येऊ नये. घरूनच गोळ्या आणा आणि सभेनंतर नदीत सोडा. गोळी आणि तीर्थ एका पोटात नांदत नाहीत! आणि मला सांगा, गोळ्यांनी माणूस बरा होत असता तर सरकारनं जन्मभर फुकट वाटल्या असत्या का?"

गीतांजलीची पहिली नोकरी त्याच जंगलात, मेळघाटात झाली होती. सेमाडोहला अंधार पडला की फॉरेस्टवाले चहाच्या टपरीवरूनही माणूस उठवतात. महाराजांना बारा वर्षं कुणी उठवलं नाही, हाच त्यांचा पहिला चमत्कार म्हणायचा.

तेवढ्यात तिची नजर समोरच्या बायकांत गेली आणि तिथेच थबकून, शपथेप्रमाणे, बाजूच्या खांबावर सरकली. तिथे जमुना बसली होती. खुशालरावांची सून. सातवा महिना. घरात जमुनाच्या रोगाची गोष्ट ती स्वतः आणि तिचा नवरा अंकुर, एवढ्या दोघांनाच ठाऊक होती. सासऱ्याला नाही. तिच्या गोळ्यांवर दोन जीव होते.

शेजारची म्हातारी गीतांजलीला कोपरानं ढोसून म्हणाली, "तू काहून नाई उठली वं बाई? इश्वास नाई का? महाराजाची सुई दुखतबी नाई, मालूम हाय?"

"दुखत नाही?"

"हाव ना! माह्या भाच्यानं सांगतलं. पयली सुई डॉक्टरची, थे कचकन टोचते. दुसरी महाराजाच्या पानातून, तं मुंगीबी चावत नाई. देवाची करनी, दुसरं काय!"

गीतांजली तिच्याकडे पाहतच राहिली. बोटातून थेंब काढणारी सुई दुखत नाही?

सभा मोडल्यावर ती कडुलिंबाखाली गेली. तिथे तोरणं टांगली होती. आंब्याच्या पानांची नव्हेत, कार्डांची. मुक्त झालेल्या प्रत्येकाची दोन कार्डं एकत्र ओवलेली, आधीचं आणि नंतरचं. लोक त्यांना हात लावून कपाळाला लावत होते. गीतांजलीनेही हात लावला. कार्डाच्या खालच्या टोकाला, जिथे थेंब टाकतात, तिथे एक लहानशी वाटी असते. तिथला डाग ती पाहू लागली.

तुम्ही कधी विळीवर बोट कापून घेतलंय? रक्त रुमालाला पुसलंत, तर संध्याकाळपर्यंत तो डाग तपकिरी होतो, दुसऱ्या दिवशी काळपट. सगळ्या "आधी"च्या कार्डांवरचे डाग तसेच होते, काळपट तपकिरी. आणि सगळ्या "नंतर"च्या कार्डांवरचे डाग, अगदी जुन्या कार्डांवरचेसुद्धा, लालभडक. देवळातल्या कुंकवाच्या करंड्यासारखे.

गीतांजली हसली. ते हसू काही चांगलं हसू नव्हतं.

त्याच संध्याकाळी जमुनाचा फोन आला. आवाज दबका.

"मॅडम, मले गोया नदीत सोडा लागते म्हनते. मंगळवारी. यायनं शपथ घातली हाय."

"यानं म्हणजे अंकुरनं?"

"हाव. म्हनते, दुसरा मानूस बरा होते, तं तू काहून नाई? लेकराले जन्मभर गोया खाऊ घालशीन का, म्हनते. मी काय करू?"

"आजची गोळी घेतली?"

"घेतली."

"उद्याची घे. परवाची घे. मंगळवारी सभेत ये, गोळ्या पदरात बांधून आण. पण नदीवर जायच्या आधी सभा पूर्ण पाहा. अंकुरलाही पाहू दे. मी तुझ्याकडे बघणार नाही, रागावू नको."

"मले मालूम हाय मॅडम, तुमी पाहत नाई थे," जमुना म्हणाली आणि फोन ठेवला.

गीतांजलीने बाजारातून तशाच कार्डांचा एक डबा विकत आणला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर प्रयोग मांडला. एका कार्डावर नळाचं पाणी. एकावर गाळलेला चहा. एकावर कुंकवाचं पाणी. प्रत्येकावर वरून औषधाचे थेंब. थोड्या वेळाने तिन्ही कार्डांवर एकेक रेघ उभी राहिली, सुबक आणि ठळक. चहाही मुक्त, नळही मुक्त.

दिल्लीच्या कचेरीत तिने फोन केला. तिकडच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, स्थानिक श्रद्धांमध्ये संस्थेने पडू नये, सविस्तर अहवाल पाठवा, पुढच्या तिमाहीच्या बैठकीत विषय घेऊ.

पुढच्या तिमाहीत जमुनाचं बाळ जन्मलेलं असणार होतं. गीतांजलीने अहवाल पाठवला नाही. मंगळवारची रजा टाकली.

पण एक अडचण उरत होती. चहा आणि पाणी दाखवून लोक हसतील, पण मानतील का? महाराज म्हणतील, तुमचं कार्ड खोटं, माझं खरं. त्यासाठी महाराजांच्याच खुर्चीत बसलेला माणूस हवा, ज्याची रेघ महाराजांनीच पुसलीय आणि ज्याच्या धुतलेल्या बोटातून ती पुन्हा निघते. म्हणजे खराखुरा रुग्ण, चारचौघांत तोंड उघडं करून. असं ती कुणाला सांगणार? तिने सांगायचंच नाही, हीच तर शपथ.

ती तानुबाईकडे गेली ती फक्त विचारपूस करायला. तानुबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिला नवऱ्याकडूनच लागण झालेली, पण तिने गोळ्या कधी सोडल्या नव्हत्या. नवऱ्यानं गळ घातली तेव्हाही नाही. "भाजी इकाची का मंगळवारी सभेले जाची?" असं म्हणून ती टाळायची. त्या टाळण्यानंच ती जगली होती.

गीतांजलीने तोरणाची आणि चहाची गोष्ट सांगितली. तानुबाईचे हात थांबले.

"म्हंजे रक्तच नाई टाकत भाड्या?"

"नाही."

"मंग मी बसतो त्या खुर्चीत."

"ताई, थांबा. एकदा टॉवेल काढला की परत घालता येत नाही. मेथी कोण घेईल तुमच्या हातची? घरमालक काय म्हणेल? मी हे मागायला आले नाही. आणि मी मागणार नाही."

"तुमी नाई मागून राहिल्या. मी देऊन राहिली," तानुबाई म्हणाली. "लोक भाजी नाई घेतीन, तं नोको घेऊ. मले त्या महाराजाच्या तोंडाकडे पाहाचं हाय मॅडम, त्यानं पुसलेली रेघ पुन्हा उगवन तवा."

गीतांजलीनेही मेथीची एक जुडी बांधायला घेतली. सूड हवा असलेली माणसं एकमेकांना लवकर ओळखतात.

मंगळवारी गर्दी दुप्पट होती. खुशालरावांनी मंचाला शेवंतीच्या माळा लावल्या होत्या. अंकुर जमुनाला घेऊन दुसऱ्या रांगेत बसला होता, आणि जमुनाच्या पदराच्या टोकाला गाठ होती. गीतांजलीने ती गाठ पाहिली आणि डोळे खांबावर नेऊन ठेवले.

टॉवेल घेतलेली बाई खुर्चीत बसली. पहिली सुई. दोन रेघा. पान, दोरा, मंत्र, भजन. दुसरी सुई. पडदा. एक रेघ.

"पुसली!"

जयजयकार झाला. महाराजांनी पाय पुढे केले. पण टॉवेलवाली पायांवर पडली नाही. तिने पानाचा दोरा दातानं तोडला, पान खाली टाकलं आणि तोंडावरचा टॉवेल ओढून काढला. तानुबाईचं रुंद, उन्हानं रापलेलं तोंड पडद्यावर भलंमोठं दिसू लागलं.

"महाराज, माह्यं नाव तानुबाई. या बोटाले पाहा, सुईचं एकच भोक हाय. टोचलं दोनदा, भोक एक! मंग दुसरं रक्त कोनाचं निंगालं?"

गर्दीत कुजबुज उठली. धर्मेंद्र पुढे झाला. "बाई, मंचावरून उतरा. मंत्राचा भंग होते."

"होऊ दे. मले पुन्हा टोच. पान नोको. हात धुऊन टोच."

महाराज हसले. हसण्यात ते तयार होते. "माते, एकदा पुसलेल्या रेघेवर पुन्हा सुई लावली तर देवीचा कोप होतो. आंधळी होशील."

"होतो आंधयी. पन टोच."

"यह औरत भेजी हुई है!" महाराजांनी माइक उचलला. "परदेशी पैशाची माणसं पाठवलेली आहेत, भक्तहो! गोळ्या विकणाऱ्या कंपन्यांची—"

"गोळ्या फुकट मिळतात, महाराज," गीतांजली मागून चालत येत म्हणाली. तिच्या हातात कार्डांचा डबा होता. "मागच्या मंगळवारी तुम्हीच म्हणालात की सरकार फुकट वाटते. मग विकतो कोण?"

पेंडॉलच्या एका कोपऱ्यातून पहिलं हसू फुटलं. लोक मंचाकडे सरकू लागले. धर्मेंद्रने खुशालरावांना खूण केली, बायांना बाहेर काढा. खुशालराव उठले. वावर त्यांचं, पेंडॉल त्यांचा, फुलंही त्यांचीच. धिप्पाड माणूस, कमी बोलणारा. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"टोचू द्या ना महाराज," खुशालराव म्हणाले. "खरं हाय तं भ्याचं कायले?"

"खुशालराव, देवीचा कोप—"

"कोप तिच्यावर होईन ना? थे तं तयार हाय. कारे अंकुर, तांब्या आन पान्याचा."

अंकुरनं तांब्या आणला. तानुबाईने सगळ्यांसमोर हात धुतले, बोट चोळून चोळून धुतलं, कुंकवाचं लाल पाणी मंचावरून खाली ओघळलं. गीतांजलीने मंचावर चढून महाराजांच्याच डब्यातलं कार्ड उचललं, 'तुमचं कार्ड खोटं' म्हणायला जागा नको म्हणून. सुई टोचली. तानुबाई ओरडली, "हाव! ही दुखली!" आणि लोक पुन्हा हसले. थेंब कार्डावर पडला.

"आता जरा थांबावं लागेल," गीतांजली म्हणाली. "तोवर भजन नको. मी एक खेळ दाखवते. तुमच्या शाळेतल्या पोरांनाही जमेल."

तिने महाराजांची आणखी दोन कार्डं मांडली. एकावर महाराजांच्या ताटातलं कुंकवाचं पाणी टाकलं. दुसऱ्यासाठी मागे वळून विचारलं, "महाराजांचा चहा कुठे आहे?" स्टीलच्या पेल्यात उरलेला चहा कुणीतरी पुढे केला. त्यातला थेंब टाकला. मग ती शिकवू लागली, हळूहळू, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं.

"या कार्डावर दोन जागा आहेत. वरची रेघ म्हणजे शाळेची घंटा. घंटा वाजली म्हणजे शाळा सुरू झाली, एवढंच. वर्गात कोण बसलंय, कुणी बसलंय की नाही, हे घंटेला कळत नाही. कार्ड ओलं झालं आणि पाणी वरपर्यंत चढलं की ती रेघ येते. रक्त असो की रसवंतीचा रस. खालची रेघ म्हणजे हजेरी. आपल्या शरीरात विषाणू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध पहारेकरी उभे करतं. रक्तात ते पहारेकरी असले तरच खालची रेघ येते. आता मला सांगा, कुंकवाच्या पाण्यात पहारेकरी असतील?"

"नाई!" पोरांचा आवाज आला.

"चहात?"

"नाई!"

"मग कार्डावर किती रेघा येतील?"

"येक!"

"पडदा बघा."

कॅमेरावाल्या पोऱ्याने कुणी सांगायच्या आधीच कॅमेरा कार्डांवर आणला होता. कुंकवाच्या पाण्याची एक रेघ. महाराजांच्या चहाची एक रेघ.

"अरे बाप्पा!" रसाच्या गाडीवाला ओरडला. "महाराजाचा चहाबी मुक्त झाला!"

पेंडॉल असा हसला की कनातीचे बांबू हलले. ती उसाच्या रसवाल्याची एक ओळ महाराजांच्या बारा वर्षांच्या तपाला पुरून उरली. त्यानंतर ज्याच्या तोंडाकडे पाहावं तो "माह्या रसाले पाहा ना मॅडम" असं काहीतरी म्हणत होता.

मग कॅमेरा तिसऱ्या कार्डावर गेला आणि हसू थांबलं. धुतलेल्या बोटाच्या कार्डावर दोन रेघा होत्या.

तानुबाईने माइक हिसकला. तिला माइक धरायची सवय नव्हती, आवाज फाटून येत होता.

"पाहा! माही रेघ अथीच हाय. महाराजानं पुसली म्हने, पन थे तं अथीच हाय. आन मी पन अथीच हाव! गोया खातो, भाजीचं टोपलं उचलतो, धडधाकट हाव. माह्या मानसाची रेघ यायनं पुसली. गोवर्धन नाव होतं त्याचं, ऑटो चालवे. याच पानात, याच कुंकवाच्या पान्यात पुसली. रेघ पुसली, मंग गोया फेकल्या, मंग मानूस पुसला." ती महाराजांकडे वळली. "या कुंकवानं माह्यं कुंकू पुसलं रे भाड्या! आता दे पुसून. पुस माही रेघ सर्वायच्या समोर. पुस ना!"

महाराजांनी कुंकवाचं ताट मागे सरकवलं.  धर्मेंद्रने पांढरा कोट काढून खुर्चीखाली कोंबला होता आणि कनातीच्या फटीकडे सरकत होता. खुशालरावांनी त्याच्या मानगुटीला हात घातला. पुढच्या रांगेतले चारपाच जण चपला हातात घेऊन मंचावर चढले.

गीतांजलीला ते हवं होतं. खोटं कशाला सांगायचं? एक क्षण तिला ते मनापासून हवं होतं. मग ती मध्ये उभी राहिली.

"मारू नका," ती म्हणाली. "मार खाल्लेला महाराज दुसऱ्या गावात जाऊन साधुपुरुष होतो. अंगावरचे वळ दाखवतो आणि पुन्हा गर्दी जमवतो. ज्याच्यावर सगळे हसले तो महाराज कुठेच जात नाही. याला चांगलं पाहून घ्या आणि हसा. पोलिसांना मी आधीच कळवलंय, ते येताहेत."

तानुबाई मंचावरून उतरून कडुलिंबाकडे गेली. कार्डांची सगळी तोरणं तोडून ती परत आली आणि शुद्धनाथ महाराजांच्या गळ्यात घातली. एकावर एक. शेवंतीच्या माळेवर प्लास्टिकची कार्डं खडखडत होती. लोक पुढे येऊन त्या कार्डांवरचे डाग पाहू लागले, काळे कोणते आणि लाल कोणते. एक मास्तर पोरांना उचलून दाखवत होते. तोपर्यंत महाराज खाली मान घालून बसले होते, आणि गीतांजली त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. तिने पोटभर पाहून घेतलं.

मग तिने माइक घेतला, शेवटचं एक सांगायला. खांबाकडे पाहतच सांगितलं.

"गोळ्यांनी रेघ जात नाही. रेघ पहारेकऱ्यांची आहे, ते राहतात. गोळ्यांनी विषाणू झोपतो. झोपलेला राहिला तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. आणि पोटुशी बाईनं गोळ्या रोज घेतल्या, एकही चुकवली नाही, तर बाळ जवळजवळ नेहमी सुखरूप जन्मतं. गोळ्या सोडल्या तर मात्र दोघांचीही खात्री कुणी देऊ शकत नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर दवाखान्यात या. तिथे टॉवेल लागत नाही, नाव बाहेर जात नाही."

फौजदार आले. तक्रार कोण देणार, त्यांनी विचारलं. "मी," खुशालराव म्हणाले. "माह्या वावरात झालं हे."

त्या दिवशी नदीवर कुणी गेलं नाही. संध्याकाळी फोनवर जमुना एवढंच म्हणाली, "घेतली." मागून अंकुरचा आवाज आला, "म्हना, मीच देल्ली पान्यासंगं."

तानुबाईचं काय झालं, हेही सांगायला हवं. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी तिची मेथी सोडली ती सोडलीच. घरमालकाने आठवडाभर तोंड वाकडं केलं. पण तिचं टोपलं उठत गेलं, कारण पातूरच्या सभेची गोष्ट बाजारभर झाली होती आणि ती तिच्याच तोंडून ऐकायला लोक थांबत. थांबले की कोथिंबीर तरी घेतच.

पुढे हिवाळ्यात गीतांजली एकदा तिच्यापाशी वांगी घेत होती. समोरून जमुना येत होती, कडेवर टोपडं घातलेली मुलगी. मुलीच्या आतापर्यंतच्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या, शेवटची अजून बाकी होती. गीतांजलीने नेहमीप्रमाणे नजर वांग्यांवर नेली.

"मॅडम!" भर बाजारात हाक आली. "इकडे पाहा ना. पोट्टीले पाहा माह्या."

गीतांजलीने वर पाहिलं. जमुना हसत होती. मग ती हसली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई तानुबाईला म्हणाली, "तुमी आयकलं का? मूर्तिजापूरकडे येक बावा आला म्हने. पोटातला खडा हातानं काढून दाखवते."

"त्याले म्हना," वांगी तोलता तोलता तानुबाई म्हणाली, "आंधी हात धू. मंग काढ."

चमत्कार पाहिल्यावर नमस्काराला हात जोडायची आपल्याला घाई असते. हात जोडायचेच असतील तर जोडा, पण त्याआधी एकदा म्हणा, पुन्हा करून दाखवा. आमच्यासमोर, उजेडात, पान आणि टॉवेल बाजूला ठेवून. जे खरं असेल ते दुसऱ्यांदाही खरंच निघेल. जे खोटं असेल ते देवीच्या कोपाची भीती घालेल. आणि ज्या औषधावर आपलं किंवा आपल्या लेकराचं आयुष्य उभं आहे, ते कुणाच्याही सांगण्यावरून नदीत सोडू नका. आधी बोट धुवायला सांगा.